क्रूसापाशी थांबणारा माणूस

होळी गाव, वसई
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

सगळ्यांत आधी आली कोण, तर रोझमेरी. नर्सने अजून चादर बदलली नव्हती, तुझ्या आजोबांच्या हाताला सुई टोचायची होती, आणि ही दारात उभी. हातात पिशवी, पिशवीत डबा, डब्यात घरची वाळवलेली सुकेळी. मी म्हटलं, "अगं बाई, आतड्याचं ऑपरेशन आहे तुझ्या भावाचं, नुसत्या पाण्यावर ठेवलंय." तर म्हणते, "मग वहिनी, तुम्ही खा." आणि पलंगावर बसली ती बसलीच. नाताळात सख्ख्या भावाच्या घरी फिरकली नाही, पण हॉस्पिटल म्हटलं की हिला पाय फुटतात.

ॲनिशा बाळा, घाबरू नकोस. हे आधी लिहायला हवं होतं, पण रोझमेरी आधी आली त्याला मी काय करू?

आजोबांच्या पोटात गाठ निघाली आहे. मोठ्या आतड्यात, डावीकडे, खालच्या अंगाला. दिवाळीपासून शौचाला रक्त जात होतं आणि हा माणूस मला सांगत होता, बीट खाल्लं होतं. घरात बीट आणलं कुणी? मी नाही आणलं. वाडीत लावलेलं नाही. तरी मी म्हटलं, असेल, कुणी दिलं असेल. शेवटी चक्कर येऊन अळूच्या वाफ्यात पडले तेव्हा शेजारच्या वाडीतल्या वॉल्टरने बघितलं आणि रिक्षात घालून माणिकपूरच्या हॉस्पिटलात नेलं. गुरुवारी ऑपरेशन आहे. गाठीचा तुकडा काढून आतड्याची दोन टोकं जोडतात म्हणे. तू तिकडे आयर्लंडात हेच बघत असशील रोज.

तू म्हणाली होतीस, "आजी, फोनवर आजोबांचं नाव काढायचं नाही." तीन वर्षं मी काढलं नाही. तू सणाला फोन करतेस, थंडी किती ते मी विचारते, तू सांगतेस, झालं. पण हा फोन नाही, कागद आहे. कागदाचं आपलं काही ठरलं नव्हतं. पान जमिनीवर ठेवून फोटो काढते आणि पाठवते. कोपऱ्यात माझा अंगठा येईल, तो सोडून वाच. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, मोठं आहे तेवढंच बरं. बोलून पाठवता येतं ते मला माहीत आहे, पण बाजूला रोझमेरी बसलेली असते.

डॉक्टर बाई आहेत. संपदा नाव. तुझ्याहून थोडी मोठी असेल, आवाज मऊ, पण प्रश्न विचारायला लागली की तलाठ्यासारखी. "आजोबा, बिडी?" हे म्हणाले, "सोडली." "कधी सोडली?" "रविवारी." बाई हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "चालणं-फिरणं कसं आहे?" इथे आमची सगळी फौज एकदम बोलायला लागली. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला चालत जातात, चालत येतात, रिक्षा म्हणून करत नाहीत. बाईंनी विचारलं, "चालताना पाय दुखतात का? मध्येच थांबावं लागतं?" हे छताकडे बघायला लागले. तेवढ्यात रोझमेरी म्हणाली, "थांबतो ना! वाटेतल्या प्रत्येक क्रूसापाशी थांबतो. टोपी काढून, डोळे मिटून. अख्ख्या गावात असा भाविक माणूस नाही, डॉक्टर. फादरांनी प्रवचनात दाखला दिला होता याचा." वॉल्टर केळ्यांचा फणा घेऊन उभा होता (वाडीवाल्याला केळी, कमाल आहे की नाही!), तो म्हणाला, "गुड फ्रायडेला मोठा क्रूस उचलायचा मान याला दिला होता, तर म्हणाला, मी पापी माणूस, माझी लायकी नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी यांना म्हटलं, "एवढं कौतुक झालं, तोंड तरी हलवायचं." तर कूस बदलून भिंतीकडे बघत पडले. जाऊ दे.

उत्तर देऊ नकोस. नुसतं वाच. वाचलं की दोन निळ्या खुणा येतात ते मला कळतं.

आजी


हॉस्पिटलच्या बाकावरून
शुक्रवार, २४ जानेवारी

ॲनिशा, काल ऑपरेशन छान झालं. गाठ निघाली, आतडं जोडलं, डॉक्टर संपदा बाहेर येऊन माझा हात धरून म्हणाल्या, "आजी, सगळं व्यवस्थित." मी रोझमेरीला मिठी मारली, एवढी मी खूश होते.

आज सकाळी यांचा डावा पाय थंड पडलाय.

पोट कापलं आणि पाय थंड! मला आधी वाटलं एसीमुळे. हे म्हणत होते, "मुंग्या आल्यात, बोटं माझी वाटत नाहीत." मी मोजे चढवले, चोळलं, गरम पाण्याची पिशवी मागायला निघाले, तेवढ्यात डॉक्टर संपदा राउंडला आल्या. मोजा काढला, हाताच्या मागच्या बाजूने पायाला शिवल्या, मग दुसऱ्या पायाला शिवल्या, घोट्यापाशी बोटं दाबून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी पिशवीचं म्हटलं तर ओरडल्याच, "आजी, शेक अजिबात नको! भाजेल आणि त्यांना कळणारही नाही." आणि पळाल्या. डॉक्टर माणूस पळताना मी पहिल्यांदा बघितला.

आता यांना आत नेलंय फोटो काढायला, रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढतात तो. रक्तवाहिन्यांचे दुसरे डॉक्टर बोरिवलीहून निघालेत. तिकडे हायवेवर कुठेतरी अडकलेत म्हणे. इथे बाकावर माझ्या एका बाजूला रोझमेरी माळ म्हणतेय, दुसऱ्या बाजूला वॉल्टर सारखं विचारतोय, "पण वहिनी, पोटाचा पायाशी काय संबंध?" मला काय विचारतोस बाबा, मी काय कसाई आहे?

पाय पांढरा आहे. मेणबत्तीसारखा.

तू नर्स आहेस. एवढंच सांग, यात पाय कापतात का? एका शब्दात सांग. हो किंवा नाही. पानावरचा डाग चहाचा आहे.

आजी


माणिकपूर, हॉस्पिटल
रविवार, २६ जानेवारी

तीन वर्षांत पहिल्यांदा मला लिहिलंस आणि लिहिलंस काय, "पायाचा रंग कोणता? बोटं हलतात का? किती वाजल्यापासून थंड आहे? डॉक्टरांना आत्ता विचार आणि सांग." आजी कशी आहेस नाही, काही नाही. मी तुझ्यावर चिडायचं ठरवलं आणि मग तो निरोप वॉल्टरला दाखवला, रोझमेरीला दाखवला, झाडूवालीलाही दाखवला. नात आहे माझी, तिकडे मोठ्या हॉस्पिटलात असते, म्हटलं.

पाय राहिला. गुडघ्याखाली कोमट झाला, काल गुलाबी दिसला. अंगठा हलतो. शेवटची दोन बोटं अजून निळी आहेत, त्यांचं काय होतं ते बघू म्हणालेत. आतड्याच्या जोडालाही रक्त पुरतंय का याची त्यांना काळजी होती, म्हणून दुर्बीण घालून बघितलं. पुरतंय.

आता काय झालं ते सांगते. तू हसशील, पण मला कळलं तसं सांगते. पोटातून एक मोठी धमनी खाली येते आणि तिला दोन फाटे फुटतात, एकेका पायाला एक. यांचा डावा फाटा कधीचा बंद आहे. वर्षानुवर्षांचा, बिडीने आणि वयाने. मग डाव्या पायाला रक्त कुठून येत होतं? तर आतड्याला रक्त देणारी जी बारीक वाहिनी असते ना, तिच्यातून. आतड्याभोवती फिरून, मागून खाली उतरून पायात. शरीराने आपल्या आपण वाट काढली होती, कुणाला न सांगता. आणि गुरुवारी गाठ काढताना नेमकी तीच वाहिनी बांधावी लागली. गाठीसाठी तशी मुळाशी बांधतातच म्हणे. आतडं कापलं आणि पायाचं पाणी तोडलं!

हे डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं, तर तुझे आजोबा, नाकात नळी, पोटाला टाके, आणि म्हणतात काय, "म्हणजे वॉल्टरचा पाट." बाईंना काय कळणार? मी समजावलं. आपला विहिरीकडचा पाट उंदरांनी पोखरून बुजला होता ते तुला आठवत असेल, तू शाळेत होतीस. तरी आपल्या अळूला पाणी मिळत होतं, कारण ते वॉल्टरच्या केळींतून फिरून बांधाखालून येत होतं. आम्हाला पत्ताच नाही. वॉल्टरने पाट बुजवून नळ टाकले आणि आपलं अळू माना टाकून पडलं. बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर, आजोबा." वॉल्टर दारातून म्हणाला, "माझं नाव कशाला मध्ये?"

मग शुक्रवारी दुपारी बोरिवलीच्या डॉक्टरांनी उजव्या जांघेतून डाव्या जांघेत एक कृत्रिम नळी टाकली. आडवी, चामडीखालून. म्हणजे आता उजवा पाय डाव्याला पाणी देतो.

पण हे सगळं मी सांगतेय ते एका गोष्टीसाठी, आणि ती लिहिताना माझा अजून संताप होतोय. शुक्रवारी आत न्यायच्या आधी डॉक्टर संपदा यांच्या तोंडाजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, खरं सांगा. चालताना डावी पोटरी दुखायची ना? थोडं थांबलं की बरं वाटायचं?" बाईंना दोनदा विचारावं लागलं. तेव्हा म्हणतात, हळू, लहान मुलासारखं, "क्रूस होते ना."

मला आधी कळलंच नाही. रोझमेरीला तर अजून कळलेलं नाही, किंवा कळून घ्यायचं नाही.

अगं, क्रूस होते म्हणजे थांबायला जागा होती! पोटरीत गोळा यायचा, पुढे पाऊल टाकवत नसे, तर क्रूसापाशी जाऊन टोपी काढायची, डोळे मिटायचे, कळ गेली की पुढे. आणि मी! मी यांच्या मागे पदर डोक्यावर घेऊन उभी राहून 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणत होते. पावसात सुद्धा. एकदा पाय भाजत होते उन्हात आणि मी मनात म्हटलं, लिडिया, नवऱ्याची भक्ती बघ आणि लाज बाळग. फादरांनी प्रवचन दिलं याच्यावर! मोठा क्रूस उचलायला नको म्हणाले ते पापी म्हणून नाही, तो खांद्यावर घेऊन मध्ये थांबता येत नाही म्हणून.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, मी तुमच्या सांगण्यावर विसंबले. पायाची नाडी मी स्वतः हाताने बघायला हवी होती. आधीच्या स्कॅनमध्येही तो फाटा दिसत होता, आमचं सगळ्यांचं लक्ष गाठीवर होतं. आधी कळलं असतं तर आधी पायाची सोय केली असती, मग पोट." पण त्यांनी तर विचारलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एका आजाऱ्याला संत करून टाकलं होतं.

आजी

ता.क. बोटं हलतात का याचं उत्तर दिलं. आता तू कशी आहेस त्याचं दे.


होळी
रविवार, १६ फेब्रुवारी

घरी आलो. गाठीचा रिपोर्ट आला. गाठ वाईट होती पण पसरलेली नव्हती, आता तपासण्या करत राहायचं. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली ती काढली. "दोनच गेली," असं सगळे म्हणतात. ज्याची गेली त्याला म्हणून बघा. पण खरंच दोनच गेली, मी रोज देवाचे आभार मानते आणि रोज यांच्यावर ओरडते, दोन्ही करते.

बघायला येणाऱ्यांनी जीव नकोसा केलाय. अंडी आणतात, यांना अजून पचत नाहीत. सगळ्यांना जखम बघायची असते. सेलिन आली होती, नाक्यावरची, तिने बँडेजाचा फोटोच मागितला. रोझमेरी प्रत्येकाला सांगते की माझ्या भावाच्या, बॅप्टिस्टच्या प्रार्थनेमुळे पाय वाचला. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे माझ्याकडे असे बघतात की मी चहा टाकायला आत जाते.

तुझे निरोप येतात, पण बाळा, तू फक्त पायाशी बोलतेस. ड्रेसिंग कधी, गोळ्या कुठल्या, रक्त पातळ करायची चुकवू नका, बिडी परत नाही ना. पायाच्या वर एक माणूस आहे.

त्या माणसाने काल मला एक गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "ॲनिशाला लिहू नकोस." म्हणून लिहिते.

मी जखम धूत होते आणि सहज म्हटलं, "कधीपासून दुखत होतं हो? खरं सांगा, आता डॉक्टर नाहीत इथे." म्हणाले, "तिच्या लग्नाच्या आधीपासून." मी धुवायची थांबले.

तुझं लग्न. आईबाप मस्कतला, तुला वाढवलं आम्ही, म्हणून तूच म्हणाली होतीस, घरापासून चर्चपर्यंत चालत, बँड पुढे, आणि पप्पांच्या नाही, आजोबांच्या हाताला धरून जायचं. कल्पेश हिंदू, म्हणून फादरांनी बिशपांची परवानगी आणली होती, त्याच्या घरचे तयार होते, मांडव पडला होता. आणि आदल्या संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर हे म्हणाले, "मी येणार नाही. जावई आपल्यातला नाही." तू आत गेलीस. सकाळी पप्पांनाही नको म्हणून वॉल्टरचा हात धरून गेलीस. मी मागून चालत होते, मला तुझी पाठ दिसत होती.

आता ऐक. त्या दिवसांत हे पहाटे उठून एकटेच चर्चच्या वाटेला जायचे. मला वाटायचं, नातीसाठी प्रार्थना. चालून बघत होते गं. बँडच्या चालीने, न थांबता जाता येतं का बघत होते. पहिल्या क्रूसापर्यंतच जेमतेम जायचे, तिथे गोळा यायचा. मला म्हणाले, "बँडमागे नवरी घेऊन मी प्रत्येक क्रूसापाशी उभा राहू? लोक म्हणाले असते, म्हातारा नातीला ओढत नाही, नात म्हाताऱ्याला ओढतेय. बँड थांबला असता माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "थांबला असता! आपणच बोलावला होता तो बँड! तुम्ही म्हणाला असतात तर जागेवर उभा राहून वाजवला असता त्यांनी!"

मग विचारलं, "आणि जात-धर्म काढलात तो?"

म्हणाले, "काहीतरी म्हणायला हवं होतं. ते म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

बघ आता. पोटरी दुखते म्हणायला लाज वाटली आणि हे म्हणायला वाटली नाही. तीन वर्षं तो मुलगा आणि त्याचे आईबाप समजत असतील की आम्ही त्यांना कमी लेखतो. तीन वर्षं मी सणाला दोन ताटं जास्त काढते आणि परत ठेवते. आणि हे तीन वर्षं क्रूसापाशी उभे! मी हातातला कापूस फेकला आणि वाडीत जाऊन बसले. वॉल्टर विचारत होता, "वहिनी, काय झालं?" मी म्हटलं, "पाट फुटला." 

माफ कर असं मी लिहिणार नाही. ते त्यांचं त्यांनी लिहावं, हाताची बोटं सगळी शाबूत आहेत. मी फक्त तुला कळवलं.

आजी


होळी
रविवार, ३० मार्च

मागच्या पत्रावर दोन निळ्या खुणा आल्या त्याला आता दीड महिना झाला. त्यानंतर एक अक्षर नाही. पायाचं सुद्धा विचारलं नाहीस. मी रोज फोन उघडते, बंद करते. रोझमेरी म्हणते, "कशाला लिहिलंत, वहिनी?" (हो, तिला सांगितलं शेवटी. क्रूसाचं ऐकून तिने दोन दिवस आमच्याकडे पाऊल टाकलं नाही, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "पण उभा राहायचा तर देवासमोरच ना?" तिच्यापुढे कुणाचं काय चालणार.)

तर आज दुपारी जेवून पडले होते, आणि फाटकाशी कोण? कल्पेशचे आईवडील! विनयाताई पुढे, संग्रामराव मागे, हातात साताऱ्याचे कंदी पेढे. लग्नानंतर पहिल्यांदा. माझ्या अंगावर वाडीतलं लुगडं, अंगणात सुकत घातलेली यांची बँडेजं. मला सांगायला काय झालं होतं गं कुणाला? निदान खुर्च्या पुसल्या असत्या!

तुझे आजोबा त्यांना बघून आत जायला लागले. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "आता कुठे? आता क्रूस नाहीये इथे." बसले मग.

पेढे झाले, चहा झाला, संग्रामरावांच्या वालीवच्या कारखान्याचं झालं, बिजागऱ्या करतात, लोखंड महाग झालं, सगळं झालं. हे पाय खुर्चीखाली लपवून बसलेले. शेवटी संग्रामराव म्हणाले, "बॅप्टिस्टराव, माझ्या वडिलांनाही हेच होतं. ते दर थोड्या अंतरावर पानपट्टीपाशी थांबायचे. आम्हाला वाटायचं, पानाचं व्यसन." विनयाताई हसल्या. हे हसले नाहीत. बराच वेळ पेढ्याचा कागद चुरगळत होते. मग विनयाताईंकडे बघून म्हणाले, "तुमचा मुलगा चांगला आहे. मी त्या दिवशी खोटं बोललो. धर्माचं काही नव्हतं. पायाचं होतं."

बस. एवढंच. या चार वाक्यांसाठी तीन वर्षं आणि दोन बोटं गेली.

विनयाताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माहीत आहे आम्हाला. कल्पेशने सांगितलं." मी लगेच धरलं. कल्पेशला कुणी सांगितलं? म्हणजे माझं पत्र तू त्याला वाचून दाखवलंस, त्याने आईला सांगितलं, आणि इथे मी फोनकडे बघत दीड महिना काढला. तुमच्या दोघांच्या कानाखाली वाजवायला हवी आणि मग मुका घ्यायला हवा.

गल्ली अरुंद म्हणून त्यांची गाडी पहिल्या क्रूसाच्या पुढे उभी होती. हे म्हणाले, "मी येतो सोडायला." डॉक्टरांनी रोज थोडं चाला म्हणून सांगितलंच आहे. मी मागे, हातात यांची काठी, कारण काठी यांना लाजेची वाटते आणि मला वागवायला लागते. क्रूस आला. तुझे आजोबा संग्रामरावांना अळूची लागवड समजावत होते. क्रूसावरून सरळ पुढे गेले! थांबलेच नाहीत! रोझमेरी तिच्या ओट्यावरून ओरडली, "बॅप्टिस्ट, अरे क्रूस!"

तेव्हा कळलं त्यांना. उभे राहिले. पोटरीकडे बघितलं, हाताने दाबून बघितली. मग एकटे मागे आले, क्रूसापाशी, टोपी काढली.

मी घाबरून गेले जवळ. "काय होतंय? दुखतंय का?"

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

"दुखत नाही म्हणून." आणि टोपी माझ्या हातात दिली. "धर जरा. यावेळी वेळ लागेल."

मी उभी राहिले काठी आणि टोपी घेऊन. काय करणार?

विनयाताई गाडीत बसल्या, काच खाली करून म्हणाल्या, "येतो हां आम्ही परत, तेरा एप्रिलला. चौघं येऊ." मी म्हटलं, "चौघं कोण? तुम्ही तर दोघं." संग्रामरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं, आणि विनयाताईंनी जीभ चावली आणि काच वर केली. मग परत थोडी खाली केली आणि म्हणाल्या, "लिडियाताई, मी काही बोलले नाही."

मीही काही ऐकलं नाही. यांना तर मुळीच सांगितलेलं नाही. हे आत्ता ओट्यावर बसून वॉल्टरशी वाद घालतायत की यंदा ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या कुणाच्या वाडीतल्या जायच्या, आणि फादरांना निरोप पाठवलाय की मिरवणुकीत मी शेवटपर्यंत चालणार, मला खुर्ची नको. मी दोन गाद्या उन्हात टाकल्यात. रोझमेरीने विचारलं तर सांगितलं, ढेकूण झालेत.

परत येऊ म्हणाले तो दिवस लिहून ठेवते, तुझ्या माहितीसाठी. झावळ्यांचा रविवार, १३ एप्रिल.